न्यूवेल सरांचे माजी विद्यार्थी

दक्षिण अमेरिकेंतील अर्जेंटिना देशांत पाराना नदीच्या कांठीं रोसारिओ नांवाचें मोठें बंदर आहे. राजधानी ब्वेनोस आयरेसपासून तें सुमारें ३०० किलोमीटर दूर, सांता फे प्रांतांत आहे. तेथील एका फुटबॉल संघाची हकीकत आमच्या वाचकांस सांगण्याचें योजिलें आहे. कारण हा संघ कोणा धनिकाच्या आश्रयानें नव्हे, तर एका शाळेंतून निघाला.

आयझॅक न्यूवेल हे इंग्लंडांतील केंट परगण्यांत १८५३ सालीं जन्मले व सोळाव्या वर्षीं अर्जेंटिनास गेले. पुढें ते शिक्षक झाले आणि १८८४ सालीं रोसारिओंत त्यांनीं स्वतःची शाळा उघडली. तिच्या चिन्हासाठीं तांबडा व काळा हे दोन रंग निवडले. तांबडा आपल्या जन्मभूमीच्या निशाणांतला आणि काळा पत्नीच्या जर्मन कुळाच्या निशाणांतला, असें सांगतात. दिनांक ३ नोव्हेंबर १९०३ रोजीं त्यांचे चिरंजीव क्लाउदिओ व शाळेचे आजीमाजी सोबती यांनीं संघ स्थापिला, त्यास हेच रंग दिले आणि नांव ठेविलें 'न्यूवेल्स ओल्ड बॉइज', म्हणजे न्यूवेल सरांचे माजी विद्यार्थी. १९०७ सालीं सर निवर्तले. त्यांचें नांव मात्र मैदानावर आजही गाजत आहे.

त्याच नगरांत 'रोसारिओ सेंट्रल' हा दुसरा संघ आहे. तो १८८९ सालीं आगगाडीच्या कामगारांनीं काढला. या दोहोंची चुरस एवढी, कीं घरोघरीं भावाभावांत पक्ष पडावेत! सुमारें १९२० नंतरच्या दशकांतील एक गोष्ट तेथें परंपरेनें सांगतात. महारोग्यांच्या मदतीकरितां सामना खेळण्याची विनंती दोन्ही संघांस झाली. न्यूवेल्सनें ती मान्य केली, सेंट्रलनें नाकारली. तेव्हांपासून एकास 'महारोगी' व दुसऱ्यास 'हलकट' अशीं नांवें पडलीं. पुढें दोन्ही पक्षांनीं आपापलें नांव भूषण म्हणून मिरविलें.

१९३९ सालीं हे दोन्ही संघ राजधानीच्या मोठ्या स्पर्धेंत दाखल झाले. न्यूवेल्सनें पहिलें अजिंक्यपद १९७४ सालीं मिळविलें, आणि तेंही सेंट्रलशींच २-२ अशी बरोबरी साधून! १९८८ च्या विजयी संघांतील सर्व खेळाडू याच संस्थेंत वाढलेले होते. १९९१ व १९९२ सालीं मार्सेलो बिएल्सा यांनीं संघास विजयी केलें. हेही येथेंच घडलेले. २००९ सालीं क्रीडांगणास त्यांचेंच नांव देण्यांत आलें. २०२२ सालीं अर्जेंटिनास विश्वचषक मिळवून देणारा लिओनेल मेस्सी लहानपणीं याच संघांत खेळत होता. तेराव्या वर्षीं तो स्पेनांतील बार्सेलोनास गेला.

आम्हांस यांत विजयांपेक्षां तें नांव अधिक मोलाचें वाटतें. महारोग आज औषधानें पूर्ण बरा होतो. तरी रोग्याचें नांव शिवी म्हणून उच्चारणारे आपल्यांतही आहेत. जे लोक दुःखितांस मदत करण्यास पुढें होतात, त्यांस जग कधीं कधीं त्या दुःखितांच्याच नांवानें हिणवितें. तें हिणविणें हंसतमुखानें स्वीकारण्यास धैर्य लागतें. विद्यार्थीमित्रांनो, खेळांत हारजीत व्हावयाचीच. परंतु आपल्या शाळेचें नांव घेऊन कोणाच्या बाजूस उभें राहावयाचें, हें ठरविणें सर्वस्वीं आपल्या हातीं आहे.