महागड्या क्रीमची पारख



चेहऱ्याला लावायचे महागडे क्रीम गुणकारी आहे की नुसतेच नावाजलेले, हे दुकानातल्या आरशासमोर ठरत नाही. कारण कोणतेही बरे क्रीम लावले की त्वचेचा सर्वांत वरचा, मृत पेशींचा थर, ज्याला शृंगस्तर म्हणतात, तो पाण्याने फुगतो आणि बारीक रेषा काही तास दिसेनाशा होतात.

ला मेर या प्रसिद्ध क्रीमचेच पाहावे. मॅक्स ह्युबर या शास्त्रज्ञाने स्वतःच्या भाजलेल्या चेहऱ्यासाठी ते तयार केले, अशी कथा त्यासोबत सांगितली जाते, आणि १९९५ मध्ये ते एस्टी लॉडर कंपनीने विकत घेतले. त्याच्या मूळ क्रीमच्या घटकसूचीत आरंभी समुद्रशेवाळाचा अर्क असला, तरी पाठोपाठ खनिज तेल, पेट्रोलियम जेली आणि ग्लिसरीन ही औषधाच्या दुकानातली जुनीच मंडळी येतात. पैकी ग्लिसरीन पाणी धरून ठेवते, तर पेट्रोलियम जेली, जिचे पेटंट रॉबर्ट चेसब्रो यांनी १८७२ मध्ये घेतले, त्वचेतून पाणी उडून जाऊ देत नाही. घटकसूचीत १ टक्क्याहून अधिक असलेले घटक प्रमाणाच्या उतरत्या क्रमाने येतात, त्याखालचे कसेही मांडता येतात; म्हणून शेवटाकडे डोकावणाऱ्या दुर्मीळ वनस्पतींच्या नावांवर भाळू नये.

क्रीम पारखायचे तर आधी कोपराच्या आतल्या बाजूला आठवडाभर क्रीम लावून खाज किंवा लाली येते का ते पाहावे. मग महाग आणि स्वस्त क्रीम घरातल्या कोणाकडून सारख्या डब्यांत भरून घ्यावे, डब्यांवर फक्त ‘क’ आणि ‘ख’ लिहावे, आणि चार आठवडे चेहऱ्याच्या एका बाजूला एक, दुसरीला दुसरे, तेवढेच लावावे. साबण आणि सनस्क्रीन मात्र दोन्हीकडे एकच असावे. सुगंधावरून डबा ओळखू येतो (अत्तराची किंमत बहुधा त्यासाठीच असते), तेव्हा निवाडा स्वतः न करता, कोणती बाजू कोणत्या क्रीमची हे ठाऊक नसलेल्या मैत्रिणीकडे सोपवावा, आणि तोही सकाळी, चेहऱ्याला काही लावण्यापूर्वी, एकाच खिडकीच्या उजेडात.

तिला फरक सांगता आला नाही, तर जास्तीचे पैसे बरणीचे आणि नावाचे होते. हौस म्हणून ते खुशाल द्यावेत, पण त्वचेच्या खर्चात मांडू नयेत. सनस्क्रीनमध्ये मात्र काटकसर करू नये.