नव्या गाडीचा गिअर अडतोय? वर्कशॉपला नेण्याआधी हे वाचा

मंडळी, मासळीची नवी पिकअप गिअर घेईना झाली तर आधी दारातच तपासा. सपाट जागी, हँडब्रेक लावून, इंजिन बंद ठेवून गिअर टाकून बघा. बंद असताना सहज पडतात आणि चालू केल्यावर करकरतात, तर बहुधा क्लच पूर्ण सुटत नाही. बंद असतानाही अडले तर केबल किंवा गिअरबॉक्स. इंजिन ओरडते पण गाडी ओढत नाही, म्हणजे क्लच घसरतो.

हा फरक पैशाचा आहे. क्लच प्लेट झिजणारी वस्तू म्हणून सहसा वॉरंटीत धरत नाहीत, गिअरबॉक्सचे आतले भाग धरतात.

जॉबकार्डवर नुसते 'गिअर चेक' लिहू देऊ नका. 'माल भरून, गाडी गरम झाल्यावर दुसरा गिअर करकरतो' असे किलोमीटरसकट लिहून घ्या, प्रत मागा. मेकॅनिकला शेजारी बसवून फेरी मारा. रिकामी, थंड गाडी वर्कशॉपात अगदी शहाण्यासारखी वागते! बर्फाचे खारे पाणी खाली गळून केबल, कनेक्टर खाते, मग गंजाचे कारण पुढे येते. तेव्हा खालून गोड्या पाण्याने धुवा.

तोच दोष परत आला तर दर वेळी नवे जॉबकार्ड. दाद मिळाली नाही तर ग्राहक हेल्पलाईन १९१५, पुढे जिल्हा ग्राहक आयोग. तिथे कारण घडल्यापासून २ वर्षांत जावे लागते. 'धंद्याची गाडी, तुम्ही ग्राहक नव्हे' म्हणतील. पण स्वतः राबून पोट भरण्यासाठीच घेतलेली गाडी असेल तर २०१९ च्या कायद्याने तुम्ही ग्राहकच. कागद घेऊन संस्थेत या, अर्ज लिहायला बसू.