रात्रपाळीची ओव्हर आणि सात नंबरचा पेशंट

साहित्य: सेकंदकाट्याचं घड्याळ, बीपीचं यंत्र, थर्मामीटर, पल्स ऑक्सिमीटर, टॉर्च, पेन. जनरल वॉर्डात रात्री यापेक्षा जास्त क्वचितच हाताशी असतं, आणि पेशंट बिघडतोय हे ओळखायला एवढं पुरतं.

ओव्हर टेबलाशी बसून घेऊ नका, जाणाऱ्या सिस्टरबरोबर खाटेपाशी जा. ‘सात नंबर स्टेबल’ एवढ्यावर वही मिटू नका. शेवटची लघवी कधी झाली, दुखण्याचं इंजेक्शन किती वाजता दिलं, कुठला रिपोर्ट यायचा आहे, हे विचारा. शेवटी, ‘तुला स्वतःला कोणाची काळजी वाटते?’ हेही विचारा. त्याला चार्टवर रकाना नाही, पण उत्तर बहुधा लगेच मिळतं.

मग हात न लावता एक फेरी मारा. ‘काका, जेवलात का?’ असं विचारलं की श्वासनलिका मोकळी आहे, दम पुरतो आहे आणि माणूस भानावर आहे, हे तिन्ही एका उत्तरात कळतं. वाक्य मध्येच तुटत असेल किंवा कपाळावर गार घाम असेल, तर फेरीचा क्रम सोडा आणि त्या खाटेपासून सुरुवात करा.

आता श्वास. सगळ्यात जास्त हयगय इथेच होते. अख्ख्या वॉर्डाच्या चार्टवर ओळीने २० लिहिलेलं दिसलं, की ते कसं लिहिलं गेलं हे सांगायला नको. पूर्ण मिनिट मोजा. पंधरा सेकंद मोजून चारने गुणलं आणि एक श्वास चुकला, तर चारचा फरक पडतो. मनगटावर बोटं तशीच ठेवून, नाडी बघतोय असं भासवत छातीकडे पाहा. श्वास मोजला जातोय हे कळलं की पेशंट तो बदलतो. मोठ्या माणसात १२ ते २० ठीक. २५ किंवा वर गेला तर डॉक्टरांना कळवायलाच हवं. शरीराला प्राणवायू कमी पडू लागला किंवा रक्तात आम्ल साचू लागलं, की बीपी पडण्याच्या बरंच आधी श्वास वाढतो. ऑक्सिजन लावलेल्या पेशंटचा ऑक्सिमीटर ९७ दाखवत असतो आणि पेशंट मात्र दमत चाललेला असतो. शिवाय बोट गार असेल किंवा नेलपॉलिश असेल तर त्या आकड्यावर फार विसंबू नका.

बीपीचा पट्टा दंडाला लहान पडला तर आकडा खोटा चढतो. तरुण पेशंट रक्त जात असतानाही बराच वेळ बीपी धरून ठेवतो, म्हणून आधी नाडीकडे बघा. पण बीटा-ब्लॉकरच्या गोळीवर असलेल्याची नाडी वाढेलच असं नाही. लघवी तासाला वजनाच्या प्रत्येक किलोमागे अर्धा मिली हवी, म्हणजे ६० किलोच्या माणसाला ३० मिली. कमी दिसली तर आधी कॅथेटरची नळी कुठे दुमडली आहे का ते बघा.

नातेवाईक ‘सिस्टर, हे आज काहीतरी वेगळंच बोलतायत’ म्हणाले, तर रात्री असं होतं म्हणून समजूत घालू नका. ब्रिटनच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सच्या ‘न्यूज’ या गुणपद्धतीत २०१७ च्या सुधारणेपासून नव्याने आलेल्या गोंधळलेपणाला ३ गुण आहेत, म्हणजे श्वास २५ वर जाण्याइतकेच. अशा पेशंटची साखर आणि ऑक्सिजन बघायच्या आधी झोपेचं इंजेक्शन मागणं धोक्याचं.

आता आकडे एकत्र वाचा. आतड्याच्या ऑपरेशनचा दुसरा दिवस. दुपारी नाडी ८४, श्वास १८, बीपी १२८. रात्री दहाला नाडी ११२, श्वास २६, बीपी १०४, ऑक्सिजन ९४, ताप १०१. एकेकटा आकडा ‘बघू थोडं’ म्हणण्यासारखा वाटतो, पण ‘न्यूज’मध्ये बेरीज ८ होते आणि ७ पासून पुढे तातडी. टाका सुटून गळती आहे, रक्तस्राव आहे की सेप्सिस, हे डॉक्टर ठरवतील. हा पेशंट सकाळच्या राउंडपर्यंत थांबू शकत नाही, हे सिस्टरने ठरवायचं.

फोनवर ‘सर, सात नंबर जरा बरा नाही’ म्हटलं की ‘बघतो’ हेच उत्तर येणार. असं सांगा: ‘सर, सर्जरी वॉर्डातून स्टाफ बोलतेय. सात नंबर, आतड्याचं ऑपरेशन, दुसरा दिवस. श्वास १८ वरून २६, नाडी ११२, बीपी १२८ वरून १०४, ताप १०१. दोन तासांत लघवी ४० मिली, पोट कडक लागतंय. मला सेप्सिसची शंका आहे. तुम्ही आत्ता येऊन बघा. तोवर काय सुरू करू?’ मिळालेला आदेश परत वाचून दाखवा.

तोवर सलाईनची सुई चालू आहे ना बघा, साखर तपासा, इमर्जन्सी ट्रॉली जवळ आणा आणि पंधरा मिनिटांनी सगळं पुन्हा मोजा. कोणी आलं नाही तर वरच्या डॉक्टरांना फोन लावा, इंचार्जना कळवा. रागावले तर रागावू द्या. फोनची वेळ, काय सांगितलं, काय आदेश मिळाला, हे तिथल्या तिथे लिहा. सकाळी आठवून लिहिलेली नोंद चौकशीत टिकत नाही.