मुकुट आणि कसोटी

वाचनपाठ : एस्तेर २:१-१८, ४:१-१७

काशी येथे गंगातीरी अमृतराव पेशव्यांनी बांधलेला घाट आहे. १८०२ मध्ये यशवंतराव होळकरांनी पुणे जिंकले तेव्हा राघोबादादांचे दत्तक पुत्र अमृतराव यांच्या हाती काही महिने पुण्याचा कारभार आला, आणि पुढच्याच वर्षी तो गेला. पुढे ते काशीस जाऊन राहिले. त्यांच्या अमृतराव घाटाला आज लोक राजाघाट म्हणतात. नाव मागे पडले. पायऱ्या मात्र येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या उपयोगी पडत आहेत. मान आणि उपयोग यांतील हा भेद मनात ठेवून आपण आजच्या विषयाकडे वळू.

१. निकाल म्हणजे काय?

१९९४ मध्ये गोव्यात झालेल्या मिस इंडिया स्पर्धेत सुश्मिता सेन पहिल्या आणि ऐश्वर्या राय दुसऱ्या आल्या. त्याच वर्षी मे महिन्यात मनिला येथे सुश्मिता सेन विश्वसुंदरी ठरल्या, तर नोव्हेंबरात दक्षिण आफ्रिकेतील सन सिटी येथे ऐश्वर्या राय जगत्सुंदरी ठरल्या. त्याआधी १९९२ मध्ये बँकॉक येथे आपल्या नागपूरच्या मधू सप्रे यांना, देशाची सूत्रे हाती आल्यास प्रथम काय कराल, असा प्रश्न विचारण्यात आला. स्वतः खेळाडू असल्याने त्यांनी क्रीडांगण उभारण्याची इच्छा सरळपणे सांगितली. त्या तिसऱ्या आल्या. परीक्षक बदलले की क्रम बदलतो, एका उत्तराने पारडे फिरते. अशा निकालावर माणसाचे मोल कसे ठरावे?

२. मुकुटानंतरचे जीवन

या संदर्भात एक जुने उदाहरण स्मरणीय आहे. गोमंतकीय ख्रिस्ती घराण्यातील, मुंबईच्या ग्रँट वैद्यकीय महाविद्यालयात शिकणाऱ्या रीटा फारिया १९६६ मध्ये 'ईव्हज वीकली'च्या स्पर्धेत भारतसुंदरी ठरल्या. त्याच वर्षी १७ नोव्हेंबरला लंडन येथे त्या जगत्सुंदरी झाल्या. हा मान मिळविणाऱ्या त्या आशियातील पहिल्या स्त्री होत. वर्षभर प्रसिद्धीचा झोत त्यांच्यावर होता. चित्रपट व जाहिराती यांचे दार उघडे असता त्यांनी ते नाकारले, लंडनच्या किंग्ज कॉलेजात वैद्यकीय शिक्षण पूर्ण केले आणि पुढे विवाहानंतर १९७३ मध्ये डब्लिन येथे स्थायिक झाल्या. वर्षभराचा मुकुट दुसरीच्या मस्तकी गेला. रुग्णसेवेची विद्या त्यांच्याजवळ राहिली.

३. शूशन राजवाड्यातील निवड

एस्तेरच्या पुस्तकात अशीच एक निवड वर्णिलेली आहे. एकशे सत्तावीस प्रांतांवर राज्य करणाऱ्या अहश्वेरोश राजासाठी सुंदर कुमारिका गोळा करण्यात आल्या. सहा महिने गंधरसाचे तेल व सहा महिने सुगंधी द्रव्ये असा वर्षभराचा त्यांचा शुद्धिविधी होता. दोन गोष्टी आपल्या नजरेतून सुटू नयेत. पहिली, लोकांपुढे आपल्या रूपाचे प्रदर्शन करण्यास वश्तीने नकार दिला आणि तेवढ्यावरून तिचे राणीपद गेले. दुसरी, एस्तेर स्वतः स्पर्धेत उतरली नव्हती; तिला नेण्यात आले होते. ज्या व्यवस्थेत नकाराला शिक्षा आहे, तिच्यातील निवडीला सन्मान कसे म्हणावे?

तथापि कथा मुकुटापाशी थांबत नाही. स्वजनांवर संकट आले तेव्हा मर्दखयाने एस्तेरला तिच्या पदाचा हेतू विचारला. तीन दिवसांच्या उपासानंतर ती प्राण पणाला लावून, न बोलाविता राजापुढे गेली. तिची खरी कसोटी दुसऱ्या अध्यायात नाही, चौथ्या अध्यायात आहे.

४. आपल्या घरातील परीक्षक

प्रिय वाचकहो, १९९६ मध्ये बंगळूर येथे जगत्सुंदरी स्पर्धा भरली तेव्हा देशभर निषेध झाला. स्त्रीदेहाच्या प्रदर्शनाला विरोध करणे योग्यच होते. परंतु व्यासपीठावरील परीक्षकांना दोष देताना आपण आपल्या बैठकीच्या खोलीकडे पाहतो काय? कांदेपोह्यांच्या कार्यक्रमात मुलीला चालावयास सांगणारे, वधू पाहिजेच्या जाहिरातीत 'गोरी, उंच, सडपातळ' असे लिहिणारे, सावळ्या मुलीच्या जन्माने उसासा टाकणारे आपणच नव्हे काय? तेथे मुकुट कोणालाच मिळत नाही. केवळ नकार मिळतो, आणि तो मुलगी जन्मभर मनात वागविते.

इशायाच्या घरी अलीयाबाची उंची पाहून शमुवेल संदेष्टाही फसला. देव अंतःकरण पाहतो, हे त्याला शिकावे लागले. संदेष्ट्याला जे शिकावे लागले, ते आपणांस आपोआप येणार नाही. म्हणून आजच आपल्या मुलीच्या रंगरूपाविषयी काढलेला एखादा शब्द आठवावा, आणि तो तिच्यापुढे मागे घ्यावा.

मननासाठी प्रश्न

१. वश्तीचा नकार व एस्तेरचे धैर्य यांत साम्य कोणते?
२. आपल्या कुटुंबात मुलींची प्रशंसा कोणत्या गुणांसाठी होते?
३. विवाह जुळविताना आपली मंडळी कोणता प्रश्न प्रथम विचारते? तो कोणता असावा?