सर्वनाम : बोलण्यातील आणि लिस्पमधील

आई सांगते, "बेळगावच्या बाजारात गूळ मिळाला, तर तो घेऊन ये." 'तो' म्हणजे काय, हे आपण विचारीत नाही. सर्वनामाचा अर्थ आधीच्या नामाने ठरलेला असतो.

संगणकालाही अशी सवय लावता येते. जॉन मॅकार्थी यांनी १९५८ साली रचावयास घेतलेल्या लिस्प भाषेत पुढे मॅक्रोची सोय आली. मॅक्रो म्हणजे थोडक्यात लिहिलेल्या आज्ञेचा विस्तार करून देणारा नियम. पॉल ग्रॅहम यांच्या 'ऑन लिस्प' (१९९३) या ग्रंथात 'एइफ' नावाचा मॅक्रो आहे. अट तपासताना जे उत्तर मिळते, त्याला तो आपण न सांगताच 'इट' हे नाव देतो. पुढील आज्ञेत 'इट' लिहिले की तेच उत्तर हाती येते. पुन्हा शोधावे लागत नाही.

परंतु हे वाक्य पाहा : "निपाणीत तंबाखूचा भाव कळला आणि व्यापाऱ्याचा पत्ता मिळाला, तर तो लिहून पाठव." काय पाठवावे, भाव की पत्ता? एका 'एइफ'च्या पोटात दुसरा 'एइफ' घातला असता आतील 'इट' बाहेरील 'इट'ला झाकून टाकते. यंत्र नियमाने आतलेच घेते. गोंधळतो तो वाचणारा. म्हणूनच लिस्पच्या स्कीम या शाखेतील प्रमाणित मॅक्रो अशी छुपी नावे सहसा बाहेर पडू देत नाहीत.

तात्पर्य, वस्तू एक असेल तेथे सर्वनाम शोभते. दोन असतील तेथे नावच घ्यावे. निबंध लिहितानाही हा नियम पाळावा.