दोन दीनार आणि पाचशे रुपये

अभ्यासासाठी वाचन: लूक १०:२५-३७



चांगल्या शोमरोन्याचा दाखला आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. याजक आणि लेवी बाजूने निघून गेले, शोमरोनी थांबला, हे आपल्याला पाठ आहे. ३५ व्या वचनावर मात्र आपण फारसे रेंगाळत नाही. तिथे पैशांचा व्यवहार आहे. शोमरोनी उतारशाळेच्या रक्षकाला दोन दीनार देतो, जखमी माणसाची काळजी घ्यायला सांगतो आणि जास्त खर्च झाला तर परत येताना देईन, असा शब्द देतो. आजाऱ्याची काळजी घेणाऱ्याला पैसे कसे द्यावेत, हा प्रश्न मला नारपोलीत पडला. म्हणून आजचा हा पाठ.

भिवंडीचा नारपोली भाग म्हणजे यंत्रमाग, गोदामे आणि दाटीने वसलेल्या खोल्या. इथला कामगार आजारी पडला की आधी गल्लीतल्या फॅमिली डॉक्टरकडे जातो, कारण दवाखाना रात्री उघडा असतो आणि मजुरीचा दिवस बुडत नाही. क्षयरोग असेल तर तोही बऱ्याचदा याच डॉक्टरांच्या समोर प्रथम येतो. क्षयरुग्णाची नोंद सरकारकडे करणे खासगी डॉक्टरांना २०१२ पासून बंधनकारक आहे. पुढे कायद्याच्या जोडीला मोबदला आला. रुग्ण 'निक्षय' प्रणालीत नोंदवला की डॉक्टरांना ५०० रुपये, आणि उपचाराचा शेवट काय झाला हे कळवले की आणखी ५०० रुपये. रुग्णाला पोषणासाठी २०१८ पासून दरमहा ५०० रुपये मिळत. नोव्हेंबर २०२४ पासून ते १००० झाले.

याचा उपयोग झाला, हे मान्य करायला हवे. २०१९ या एका वर्षात देशातील खासगी क्षेत्राने साडेसहा लाखांहून अधिक रुग्ण नोंदवले. एरवी यातले किती जण कोणाच्याच वहीत आले नसते! मोबदला हे त्याचे एकमेव कारण नाही, पण त्याचाही हातभार आहे.

आता नारपोलीतली गोष्ट. खोली भाड्याने घेऊन राहणारा एक कातकरी भाऊ गोदामात हमाली करी. गणपतीच्या सुमारास खोकला हटेना म्हणून तो जवळच्या डॉक्टरांकडे गेला. त्यांनी थुंकी तपासून घेतली, क्षय निघाला, नोंद झाली, गोळ्या सुरू झाल्या. दोन महिन्यांत खोकला थांबला. दिवाळी झाली आणि मुकादमाची उचल घेतलेली असल्याने सारे कुटुंब वीटभट्टीवर निघून गेले. गोळ्या तिथेच थांबल्या.

मी डॉक्टरांना विचारायला गेले. बाहेर रांग लागली होती. ते म्हणाले, "ताई, नोंद मी त्याच दिवशी केली. पण तो कोणत्या भट्टीवर गेला, हे दवाखाना टाकून मी कसा शोधू?" त्यांचे काही चुकले, असे मला म्हणता येईना. पैसे नोंदीचे होते आणि नोंद झाली होती. शोधाचे पैसे कुठल्याच रकान्यात नव्हते.

त्या भावाच्या वस्तीतल्या बायकांकडून पत्ता काढत तिसऱ्या फेरीत आम्ही वाडा तालुक्यातल्या भट्टीवर पोहोचलो. औषध अर्धवट सुटले की जंतू औषधाला दाद देईनासे होतात, ही खरी भीती होती. थुंकी पुन्हा तपासली. देवाच्या कृपेने नेहमीची औषधे लागू पडत होती. त्याचे नाव तिथल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात बदलून घेतले आणि तिथल्या आशाताईंनी पुढच्या गोळ्या स्वतः भट्टीवर नेऊन दिल्या. घरातली धाकटी मुलगी तोवर कोणीच तपासली नव्हती. तिलाही प्रतिबंधक औषध सुरू झाले.

हा अनुभव केवळ आपला नाही. ब्रिटनने २००४ साली फॅमिली डॉक्टरांच्या उत्पन्नाचा मोठा भाग कामगिरीशी जोडला. १४६ निकष आणि १०५० गुण ठरले. रक्तदाब मोजला, साखर आटोक्यात आली, की गुण आणि गुणांवर पैसे. मोजलेल्या आजारांची देखभाल सुरुवातीला सुधारली. पुढे सुधारणेचा वेग मंदावला, आणि ज्या गोष्टींना गुण नव्हते त्या मागे पडल्याचे अभ्यासकांना दिसले. स्कॉटलंडने २०१६ साली ही पद्धत बंद केली.

आता पुन्हा उतारशाळेकडे वळू या. एक दीनार म्हणजे त्या काळची एका दिवसाची मजुरी. शोमरोन्याने दोन दिवसांची मजुरी आगाऊ दिली. आधी बरा करून दाखव, असे म्हटले नाही. जास्त लागले तर देईन म्हटले, म्हणजे ज्याची जखम खोल त्याच्यावर जास्त खर्च होणार, हे त्याने धरून ठेवले होते. आणि स्वतः परत येण्याचे वचन दिले. मोजदाद त्यानेही सोडली नाही, पण ती माणसाच्या गरजेप्रमाणे ठेवली.

मोबदला नसावा, असे मी म्हणत नाही. कामकऱ्याला मजुरी मिळाली पाहिजे, ही पवित्र शास्त्राचीच शिकवण आहे. पण आदिवासी रुग्ण भट्टी, शेत आणि शहर यांत फिरत असतो. त्याला बरे करायला जास्त फेऱ्या लागतात, आणि सर्वांना सारखाच दर ठेवला तर सगळ्यात आधी तोच सुटतो.

हे बोट आपल्याकडेही वळते. आमच्या तिमाही अहवालात मी 'भेट दिलेली घरे' असा आकडा लिहिते. त्या तीन फेऱ्यांचे त्यात एकच घर भरले. त्याच दिवसांत नारपोलीत तीस घरे झाली असती आणि अहवाल छान दिसला असता. खरे सांगते, दुसऱ्या फेरीनंतर हा विचार माझ्या मनात आला होता. या वेळेपासून मी अहवालात आणखी एक रकाना जोडला आहे: 'सुटलेले आणि पुन्हा सापडलेले'. तो आकडा लहान असेल. देणगीदार बंधुभगिनींनी तोही आवर्जून वाचावा, ही विनंती.

चर्चेसाठी प्रश्न
१. शोमरोन्याने रक्षकाला फक्त दोन दीनार देऊन शब्द दिला नसता, तर रक्षक कुठे थांबला असता?
२. आपल्या मंडळीच्या सेवेत आपण काय मोजतो? काय मोजायचे राहून जाते?
३. तुमच्या परिसरात दिवाळीनंतर कामासाठी येणारी कुटुंबे कोणती? त्यांच्यापैकी कोणी औषधावर आहे का, हे कोण विचारील?

प्रार्थना: हे प्रभू, जे वहीत आहेत आणि जे वहीतून सुटले आहेत, त्या सर्वांना तू ओळखतोस. आम्हांला तिसऱ्या फेरीचे बळ दे. आमेन.