आजचा पाठ : उजेड परततो, म्हणून दिसतं
डोळ्यांतून उजेड बाहेर जात नाही. वस्तूवरून परतलेला उजेड बाहुलीतून आत शिरतो, पडद्यावर पडतो, तेव्हा आपल्याला दिसतं. काळोखात आरसाही काही दाखवत नाही.

आरशावर किरण ज्या कोनात पडतो, तेवढ्याच कोनात पलीकडे परततो. पांढरं कापड उजेड चहूकडे पसरवतं, काळं बराचसा गिळून टाकतं. आज मुलांना बॅटरीने हे करून दाखवूया.

तुयेत भजन आटपून रात्री परतताना, गाडीचा उजेड आपल्या अंगावरून चालकाच्या डोळ्यांत गेला तरच आपण त्याला दिसतो. म्हणून काळी शाल नको, पांढरा सदरा घालूया. बॅटरी चालू ठेवूया, समोरच्या गाड्या बघत उजव्या कडेने चालूया.

घरच्या सगळ्यांना वाचून दाखवावे.